फोनचाच संगणक: बार्शीतल्या एका हिशेबाच्या टेबलाचं प्रकरण

बार्शीत घरातूनच व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं करणाऱ्या एका ताईंचा लॅपटॉप एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बंद पडला. बिजागरी आधीपासूनच निखळलेली होती. उघड-मिट करताना स्क्रीनची केबल चेपली आणि मदरबोर्डवर शॉर्ट झाला. दुरुस्तीचा अंदाज नऊ हजारांच्या पुढे, तोही चालेलच याची हमी न देता. हातात नऊ व्यापारी: सात एकल मालकीचे, एक भागीदारी, एक प्रायव्हेट लिमिटेड. महिन्याला विवरण भरणाऱ्यांचा जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरण) 11 तारखेपर्यंत, तिमाहीवाल्यांचा 13 पर्यंत आणि पाठोपाठ 20 आणि 22 तारखेला जीएसटीआर-3बी (कर भरण्याचं विवरण). नवा लॅपटॉप लगेच घेण्याइतके पैसे नव्हते. घरात होता तो रोजच्या वापरातला सॅमसंग गॅलॅक्सी एस21 एफई, 8 जीबी रॅम, वन यूआय (सॅमसंगचं अँड्रॉइडवरचं रूप) 6.1.

हा फोन डेक्सला चालतो. म्हणजे डॉक किंवा हबमधून (एका भोकाची अनेक भोकं करणारी डबी) मॉनिटर जोडला की मोठ्या पडद्यावर फोनचीच प्रतिमा न येता खिडक्या, टास्कबार आणि माऊसचा बाण असलेला स्वतंत्र डेस्कटॉप उघडतो. त्यावर हे काम निभतं का, कशावर अडतं आणि अडलेलं कसं सुटतं, त्याची ही नोंद.

खरेदीच्या आधीची यादी

फोन तेवढा दमदार आहे का, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. पण ब्राउझर, शीट आणि पीडीएफ या कामाला 8 जीबीचा फोन पुरून उरतो. प्रकरण फसतं ते दोन ठिकाणी. फोनच्या भोकातून चित्र बाहेर पडतं का, हे पहिलं. दुसरं, रोजच्या कामातलं नेमकं कोणतं काम अँड्रॉइडवर होतच नाही.

म्हणून हबचा शोध घेण्याआधी महिन्याभराच्या कामांची यादी कागदावर उतरवली. जीएसटी पोर्टल, आयकर पोर्टल, खरेदी-विक्रीच्या नोंदींची शीट, व्यापाऱ्यांकडून व्हॉट्सअॅपवर आलेले बिलांचे फोटो, बँकेचं स्टेटमेंट, छपाई, डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं दिसणारं), आणि दोन दुकानांत टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. आठपैकी पहिली पाच कामं सरळ चालणारी. उरलेली तीन अडणारी, आणि ती अडणार हे आधीच ठाऊक झाल्यामुळे 11 तारखेच्या आदल्या रात्री डोक्याला हात लावायची वेळ आली नाही. हा कागद तासाभरात तयार झाला, आणि सगळ्या प्रकरणात मोलाचा तास तोच होता.

भोक तेच, आतल्या तारा वेगळ्या

टाइप-सीचं भोक बाहेरून सगळ्या फोनवर सारखं दिसतं. आत मात्र फरक असतो. पूर्ण तारा असलेल्या पोर्टमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात आणि डिस्प्लेपोर्ट ऑल्टर्नेट मोडमध्ये, म्हणजे टाइप-सीतून चित्र पाठवण्याच्या पद्धतीत, त्यातल्या दोन किंवा चारही जोड्यांवरून चित्र जातं. ज्या अँड्रॉइड फोनमध्ये फक्त यूएसबी 2.0 आहे, त्यात या जोड्या बहुधा जोडलेल्याच नसतात. अशा फोनला कितीही महाग हब लावला तरी पडदा काळाच राहतो. गॅलॅक्सी ए आणि एम मालिकेतले बहुतेक फोन या गटात येतात. एस मालिकेतल्या बहुतेक फोनमध्ये एस8 पासून डेक्स आहे. फोनच्या तांत्रिक माहितीत ‘यूएसबी 3.x’ किंवा ‘डिस्प्लेपोर्ट’ हे शब्द नसतील तर हबवर एक रुपयाही घालू नये. काही फोन चित्र बाहेर देतात पण डेस्कटॉप देत नाहीत: आयफोन 15 पासून पुढच्या फोनमध्ये टाइप-सीतून फोनचंच चित्र मोठं दिसतं, तेवढंच.

केबलचंही तसंच. फोनबरोबर आलेली चार्जिंगची केबल बहुधा यूएसबी 2.0 ची असते आणि तिच्यातून चित्र जात नाही. थेट टाइप-सी इनपुट असलेला मॉनिटर घेऊन त्याला ही केबल लावली की चार्जिंग होतं, चित्र येत नाही, आणि दोष मॉनिटरवर जातो. हबला त्याची स्वतःची आखूड केबल जडलेली असते म्हणून तिथे हा घोटाळा होत नाही.

पहिला प्रयत्न

मोबाइलच्या दुकानातून सातशे रुपयांचा टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर आणला. त्याला एचडीएमआय आणि एक यूएसबी, चार्जिंगचं भोक नाही. शेजारच्या दुकानातला 19 इंची मॉनिटर उसना आणला; त्याला फक्त व्हीजीए, म्हणून मध्ये आणखी एक एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर. चित्र आलं. डेक्स उघडलं. पण दुपारपर्यंत तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली बॅटरी. 4,500 एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे 17 वॅट-तास. अडॅप्टर, कन्व्हर्टर, कीबोर्ड आणि चालू प्रोसेसर मिळून चार ते पाच वॅट ओढतात. हिशेब सरळ आहे: साडेतीन-चार तासांत फोन आडवा. आणि चार्ज करायला घेतला की काम बंद, कारण भोक एकच.

दुसरी, बँकेचं अॅप. मोठ्या पडद्यावर त्याची खिडकी पूर्ण काळी. अॅपने ‘सुरक्षित पडदा’ मागितला असेल आणि मॉनिटरपर्यंतच्या मार्गात नक्कल रोखणारी एचडीसीपीची साखळी तुटली असेल, तर अँड्रॉइड ती खिडकी तिथे दाखवत नाही. व्हीजीए जुनं अॅनालॉग तंत्र. त्यात एचडीसीपी नाहीच. यात बिघाड काही नाही, रचनाच तशी आहे. अशा वेळी ते अॅप फोनच्या स्वतःच्या पडद्यावर उघडायचं. डेक्स चालू असताना फोनचा पडदा मोकळाच असतो.

तिसरी गोष्ट साधी वाटते पण रोज छळते. कीबोर्ड आणि माऊस दोन, यूएसबीचं भोक एक. फोनच्या पडद्याचा टचपॅड करता येतो, सूचनांच्या पट्टीत तसा पर्याय दिसतो, पण शीटमध्ये दोनशे ओळी भरताना तो हाताला नकोसा होतो.

दुसरा प्रयत्न: जो टिकला

तीन-चार दिवसांत सगळं सामान बदललं. खर्च अंदाजे असा झाला. एचडीएमआय, यूएसबी-एची तीन भोकं, लॅनचं (वायरच्या इंटरनेटचं) भोक आणि पीडी, म्हणजे पॉवर डिलिव्हरी, चार्जिंग इनपुट असलेला हब 2,200 रुपये. 45 वॅटचा पीडी चार्जर 1,600. वापरलेला 21.5 इंची, 1920 बाय 1080 चा एचडीएमआय मॉनिटर 3,500. वायरचा कीबोर्ड आणि वायरलेस माऊस मिळून 900. एचडीएमआय केबल 250, यूएसबी 2.0 ची छोटी एक्स्टेन्शन वायर 150, फोनचा उभा स्टँड 200. बेरीज 8,800. पहिल्या अडॅप्टरचे सातशे पाण्यात गेले ते वेगळे.

मॉनिटर 4के घेण्याचा मोह टाळला ते बरं झालं. बहुतेक स्वस्त हब चार जोड्यांपैकी दोन चित्राला आणि दोन यूएसबी 3 ला देतात. त्यात 4के मिळतं ते सेकंदाला 30 चौकटींवर, आणि माऊसचा बाण ओढल्यासारखा मागे राहतो. आकड्यांच्या कामाला 1080 आणि 60 चौकटी डोळ्यांना कितीतरी सुखाच्या.

45 वॅटचा चार्जर का, फोन तर 25 वॅटच घेतो? हब स्वतःच्या चिप आणि भोकांसाठी काही वॅट बाजूला काढून मगच उरलेली शक्ती फोनला देतो. 15-20 वॅटचा चार्जर लावला तर फोनच्या वाट्याला इतकं थोडं येतं की दिवसभरात टक्के खालीच जातात. मधून कधी हार्ड डिस्क लावली की ती फिरायला लागताना ओढ वाढते आणि सगळा हब क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होतो. 45 वर हे थांबलं.

जोडायचा क्रम ठरवून घेतला, कारण क्रम चुकला की फटका बसतो:

1. आधी चार्जर हबला, मग चार्जरचं बटण चालू.
2. मॉनिटर चालू करून त्याचा इनपुट एचडीएमआयवर.
3. कीबोर्ड, माऊस, लॅन हबमध्ये.
4. सर्वात शेवटी हबची केबल फोनला.
5. उठताना उलटं: पेनड्राइव्ह ‘अनमाउंट’ करून काढायचा, मग फोन, मग बाकीचं.

चार्जर चालू कामात काढला किंवा लावला की वीज कोण कोणाला देणार, हे फोन आणि हब पुन्हा ठरवतात. तेवढ्यात पडदा एक-दोन सेकंद काळा होतो आणि पेनड्राइव्हचा संपर्क तुटतो. त्याच क्षणी फाईल लिहिली जात असेल तर ती अर्धवट राहते. तिसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याची मार्चची शीट अशीच गेली. मुलाने खोलीतला स्विच बंद केला होता, एवढंच. गूगल ड्राइव्हवर आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून अर्ध्या दिवसाचं काम पुन्हा करून भागलं. त्यानंतर कामाची फाईल पेनड्राइव्हवर उघडायची नाही: आधी फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये उतरवायची, काम संपलं की प्रत पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्हचा साचा एक्सफॅट ठेवला, म्हणजे फोन आणि दुकानातलं विंडोज दोघांनाही तो वाचता येतो.

माऊस अडखळतो तेव्हा

वायरलेस माऊस पहिल्या दिवशी नीट चालला. दुसऱ्या दिवशी बाण झटके खात पळू लागला. सेल बदलले, टेबल बदललं, माऊस बदलायची तयारी झाली. कारण शेजारच्या भोकात होतं. यूएसबी 3 चा 5 गिगाबिटचा संकेत आपल्याभोवती जो रेडिओ गोंगाट पसरवतो, तो 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. माऊसचा छोटा रिसीव्हरही तिथेच ऐकत असतो. इंटेलने 2012 मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. पेनड्राइव्ह लावला की माऊस अडखळतो, काढला की सुधारतो. ही खूण पटली की दुसरीकडे शोधायला नको. रिसीव्हर दीडशे रुपयांच्या एक्स्टेन्शनवर लावून हबपासून हातभर लांब मॉनिटरच्या पायाशी ठेवला. तेवढ्याने काम झालं. घरातलं वायफायही त्याच 2.4 वर होतं. पोर्टलवर फाईल चढवताना ते मधूनच गळायचं, म्हणून राउटरपासून लॅनची वायर थेट हबमध्ये आणली.

एक्स्टेन्शनचा हा उपाय यूएसबी-एच्या माऊसपुरताच. फोन आणि हब यांच्यामध्ये टाइप-सीची एक्स्टेन्शन लावू नये. मानकात ती बसतच नाही, आणि चित्र चमकणं, तुटणं तिथूनच सुरू होतं. फोन येतो तेव्हा हबसकट उचलून कानाला लावायची पाळी येऊ नये म्हणून ब्लूटूथचा इअरफोन ठेवला. व्यापाऱ्यांचे फोन दिवसातून वीस-पंचवीस; हे आधी ध्यानात आलं नव्हतं.

एप्रिलची बार्शी

सोलापूर जिल्ह्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. कव्हरसकट सनमायकावर पालथा ठेवलेला, चार्ज होणारा आणि मॉनिटर चालवणारा फोन दुपारी दोनला हाताला चटका देईल इतका तापतो. तापला की फोन आधी चार्जिंग मंदावतो, मग प्रोसेसरचा वेग उतरवतो. तेव्हा खिडक्या जड होतात आणि लोक म्हणतात की फोनला झेपत नाही. 2017 मध्ये एस8 बरोबर आलेल्या सॅमसंगच्या पहिल्या डेक्स स्टेशनमध्ये छोटा पंखाच होता, तो उगाच नव्हता. साध्या हबमध्ये पंखा नसतो. इथे कव्हर काढलं, फोन उभ्या स्टँडवर ठेवला म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागेल, वेगवान चार्जिंग सेटिंगमधून बंद केलं आणि बॅटरी प्रोटेक्शन ‘मॅक्सिमम’वर, म्हणजे 80 टक्क्यांवर थांबवलं. दिवसभर 100 टक्क्यांवर, तेही गरम, अशी बॅटरी लवकर झिजते आणि फुगण्याचा धोका वाढतो. टेबलफॅनचा रोख माणसाबरोबर फोनकडेही वळवला.

वीज जाण्याचं गणित मात्र लॅपटॉपपेक्षा वेगळं निघालं. वीज गेली तरी फोन चालूच राहतो. पण मॉनिटर बंद पडला की डेक्स बंद होतं, खिडक्या मिटतात आणि अर्धा भरलेला फॉर्म ब्राउझर पुन्हा कोऱ्याने उघडतो. म्हणजे ज्याला बॅटरी आहे तो जगतो आणि काम मरतं. मॉनिटर आणि राउटर मिळून तीस-पस्तीस वॅट. त्यासाठी 600 व्हीएचा यूपीएस 2,800 रुपयांना घेतला. खर्च आता 11,600 झाला. चांगला वापरलेला लॅपटॉप अठरा-वीस हजारांत मिळतो. फोन आधीपासून हातात नसता तर हा मार्ग सुचवण्यासारखा नव्हता, हे इथे स्पष्ट सांगायला हवं.

पोर्टलवरचं काम

क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’ एकदाच सेटिंगमधून सगळ्या संकेतस्थळांसाठी चालू केलं. नाहीतर मोठ्या पडद्यावरही मोबाइलचं पान येतं आणि जीएसटी पोर्टलच्या सारण्या चेपतात. डावीकडे पोर्टल, उजवीकडे शीट, खाली फोटो बघायची छोटी खिडकी. पोर्टल 15 मिनिटं हात न लावल्यास बाहेर काढतं, आणि अँड्रॉइडला मेमरी कमी पडली की मागचे टॅब तो गुपचूप मिटवतो. म्हणून पोर्टल चालू असताना बाकी टॅब दोन-तीनच, आणि प्रत्येक पानावर जतन केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

व्हॉट्सअॅपवर आलेल्या बिलाच्या फोटोचं काम मात्र लॅपटॉपपेक्षा सोपं झालं. फोटो त्याच यंत्रात, नोंदही त्याच यंत्रात. फोनवरून लॅपटॉपवर फाईल पाठवण्याची रोजची पायरीच संपली.

एक्सेलचं अँड्रॉइड अॅप साध्या शीटला पुरेसं आहे, पण मॅक्रो (बटण दाबलं की ठरलेल्या पायऱ्या आपोआप करणारी आज्ञावली) चालवत नाही. एका व्यापाऱ्याची फाईल मॅक्रोवर उभी होती. ती उघडायची, दिसायची, आणि बटण दाबलं की काहीच व्हायचं नाही. तिची सूत्रं साध्या स्तंभांत नव्याने बांधावी लागली.

मराठी टंकनाचं आधी तपासून घ्यावं. ‘namaskar’ हे रोमन अक्षरांत उमटवून ‘नमस्कार’ मिळण्याची सोय फोनच्या पडद्यावरच्या कीबोर्डची आहे. बाहेरच्या कीबोर्डवर ती तशीच मिळेल असा भरवसा धरू नये. व्यापाऱ्यांना पाठवायचे मराठी निरोप इथे फोनच्याच पडद्यावर किंवा बोलून लिहिले जातात.

जी तीन कामं अडली

डिजिटल सही. कंपनीच्या विवरणपत्राला टोकनवरची सही लागते, आणि ती करणारं सॉफ्टवेअर संगणकावर बसवावं लागतं. अँड्रॉइडवर ते नाही. टोकन हबमध्ये घातलं तर फक्त दिवा लागतो. एकल मालकी आणि भागीदारीला मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने, म्हणजे ईव्हीसीने, भागतं. त्यामुळे नऊपैकी आठ सुटले. उरलेल्या कंपनीचं विवरण इथे पूर्ण तयार होतं आणि सही संचालक आपल्या कचेरीतल्या संगणकावर स्वतःच्या टोकनने करतात. खरं तर ते टोकन ताईंच्या ड्रॉवरमध्ये असायलाच नको होतं. सही ज्याची, टोकन त्याच्याकडे.

टॅली विंडोजचं आहे. दोन्ही दुकानांच्या संगणकांवर क्रोम रिमोट डेस्कटॉप बसवून इथून ते पूर्ण पडद्यावर उघडतात. अक्षरं, आकडे, एफ-बटणं जातात. ऑल्ट-टॅब मात्र फोनच पकडतो आणि डेक्समधलीच खिडकी बदलते. दुकानदाराने संध्याकाळी संगणक बंद केला की काम बंद, म्हणून वेळ ठरवून घ्यावी लागते.

प्रिंटर घरात होता: कॅनन एलबीपी2900, गावोगावच्या टेबलांवर दिसणारा. त्याला वायफाय नाही, आणि पान रचण्याचं काम विंडोजमधला ड्रायव्हर करून देतो. अँड्रॉइडला तो ड्रायव्हर नाही, म्हणून यूएसबी जोडूनही तो गप्प. आता पीडीएफच पाठवली जाते. कागद लागला तर दुकानाच्या संगणकावरून छापून घेतात. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह देणं बंद केलं, कारण त्यावर इतरांचे पॅन आणि बँकेचे तपशील असतात.

याच्या आधी काय झालं होतं

ही कल्पना जुनी आहे. मोटोरोलाने 2011 मध्ये अॅट्रिक्स फोनसाठी 11.6 इंची लॅपडॉक (फोन खोचून वापरायचा पडदा आणि कीबोर्ड) काढला; वेगळा घेतला तर तो 500 डॉलरला, म्हणजे साध्या लॅपटॉपच्याच भावात. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये ल्युमिया 950 साठी डिस्प्ले डॉक काढला, पण मोठ्या पडद्यावर मोजकीच अॅप उघडत. दोन्ही वेळा यंत्र नीट होतं. कुठे किंमत आडवी आली, कुठे अॅप. बार्शीच्या टेबलावर किंमत आटोक्यात राहिली ती जुन्या मॉनिटरमुळे, आणि अॅप पुरली ती बहुतेक सरकारी काम ब्राउझरमध्ये आल्यामुळे. वन यूआय 8 पासून डेक्स अँड्रॉइडच्याच डेस्कटॉप मोडवर बांधलं जातं, त्यामुळे नव्या आवृत्तीत काही पर्यायांची जागा बदललेली दिसेल.

उरलेला धोका

सगळं एका फोनवर आलं, हा धोका उघड आहे. तो हरवला किंवा पडला तर ओटीपी, फाईली आणि संगणक एकदमच जातात. म्हणून कामाचं फोल्डर रोज रात्री गूगल ड्राइव्हवर जातं, आणि व्यापाऱ्यांची ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येतील अशी नोंदणी तपासून घेतली. फोनचं कुलूप पॅटर्नवरून पिनवर आणलं. पडदा फुटून स्पर्श बंद पडला तर पॅटर्न काढता येत नाही. पिन मात्र हबला लावलेल्या कीबोर्डवरून देता येतो, आणि मॉनिटरवर निदान फाईली बाहेर काढण्यापुरता फोन हाती राहतो.